मेश्रामांचे ऐंशी डॉलर

मेश्रामांच्या घरात भोक नसलेलं एकही खोकं नाही. प्रिंटरचं घ्या, कीबोर्डचं घ्या, राउटरचं घ्या. प्रत्येकाच्या एका अंगाला काडेपेटीएवढा चौकोन कापलेला. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला वाटलं, गृहस्थांनी मांजर पाळलंय आणि त्याच्या पिल्लांना हवा लागावी म्हणून ही सोय आहे. तसं विचारलंसुद्धा.

"मांजर नाही, मॅडम," मेश्राम गंभीरपणे म्हणाले. "बारकोड."

संगणकाच्या वस्तू विकणाऱ्या काही कंपन्यांची एक तऱ्हा असते. वस्तू पूर्ण किमतीला घ्यायची. मग खोक्यावरचा बारकोड कापायचा, दुकानाची मूळ पावती जोडायची, फॉर्म भरायचा आणि सगळं पोस्टाने पाठवायचं, की कंपनी म्हणे अमुक डॉलर परत करते. 'म्हणे' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. इतकं सगळं करायचा माणसाला कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्यावरच ही योजना चालते. पण ती आखणाऱ्यांनी प्रभाकर मेश्राम नावाचा माणूस हिशेबात धरला नव्हता.

मी सिंगापूरला, बेडोक भागात लेकीकडे राहते. आमच्या मजल्यावर तीन दारं सोडून मेश्राम. मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनियर, तीसेक वर्षांपूर्वी इथे आले ते इथलेच झाले. एकटेच असतात. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, छत्री आणायची राहून जावी तसं. माझ्याहून सातआठ वर्षांनी लहान. इथली सगळी मराठी मंडळी मला ताई म्हणतात. मेश्रामांनी मात्र पहिल्याच दिवशी परवानगी मागितली. "तुम्हाला मॅडम म्हटलं तर चालेल ना? राग नका मानू. ताई माझी एकच आहे, नागपूरला."

त्यांचं एकच वाक्य साऱ्या इमारतीला पाठ आहे : "सोडायचं नाही." ते मराठीतच म्हणतात, समोर चिनी असो की मलाय. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, त्यांनी एकदा नूडल्सवर अंडं सांगितलं होतं, ते आलं नाही. दुसरा कोणी असता तर कुरकुरला असता किंवा विसरला असता. मेश्रामांनी ताट शांतपणे संपवलं, पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, वीस मिनिटांनी नंबर आला आणि म्हणाले, माझं अंडं राहिलंय. नुसतं अंडं घेऊन, उभ्याउभ्या खाऊन, "थँक यू" म्हणून घरी आले. तेव्हापासून तो स्टॉलवाला त्यांना ताट देण्याआधी अंड्याकडे बोट दाखवतो.

"आजी, अंकल इज सो ऑन ला!" माझी नात म्हणते. 'ऑन' म्हणजे इथल्या बोलीत भलताच उत्साही. हे कौतुक आहे की चेष्टा, मला कळत नाही. बहुतेक दोन्ही.

तर हे मेश्राम गेल्या वर्षी ऐंशी डॉलरच्या मागे लागले.

त्यांनी एक मॉनिटर घेतला होता. सत्तावीस इंची. एकट्या माणसाला एवढा मोठा पडदा कशाला, तर दर रविवारी ताईशी बोलायला. फोनवर ताईचं फक्त कपाळ दिसायचं. भाची फोन हातात देते आणि ताई तो कानाला लावतात किंवा कपाळाला. मग भाचीकडे त्यांनी स्टँड पाठवला, आणि इकडे हा मॉनिटर घेतला. त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, ऐंशी डॉलर परत. मेश्रामांनी रविवारी ही बातमी ताईला दिली. ताई निवृत्त शिक्षिका. त्यांनी तिथल्या तिथे रुपये करून पाहिले आणि म्हणाल्या, "पाच हजार! सोडू नको बरं, बाबू."

झालं. मेश्रामांनी बारकोड कापला, फॉर्म भरला आणि पावती लॅमिनेट केली.

आमच्या पिढीच्या माणसाच्या हाती महत्त्वाचा कागद आला की त्याला आधी प्लास्टिकमध्ये घालावंसं वाटतं. मी हसत नाही, माझी मॅट्रिकची मार्कशीटसुद्धा अशी गोठवलेली आहे. पण दुकानाच्या पावतीचा कागद उष्णता लागली की काळा पडतो. चाळीस वर्षं इंजिनियरिंग केलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं का? होतं. पण हाताला सवय होती. मशीनमधून पावती बाहेर आली ती शाळेतल्या पाटीसारखी काळीकुट्ट.

आणि मेश्रामांनी ती तशीच पाठवली! "फॉर्मवर मूळ पावती जोडा असं लिहून आहे, मॅडम. वाचता आली पाहिजे असं कुठंच लिहून नाही."

कंपनीचं उत्तर आलं : अर्ज अपूर्ण. मेश्रामांनी बँकेचं स्टेटमेंट जोडून पुन्हा पाठवला. अर्ज अपूर्ण. तिसऱ्यांदा सहा पानी पत्र लिहिलं, त्यात लॅमिनेशन मशीनचं तापमानसुद्धा दिलं. अर्ज अपूर्ण. रोज दुपारी दोनला ते लिफ्टने खाली जात, पत्रपेटी उघडत, आत वाकून पाहत, हात घालून चाचपत आणि वर येत. असे चार महिने गेले. एके दिवशी लिफ्टमध्ये मला ती तीन पत्रं दाखवली. 'अपूर्ण' हा शब्द वाचला आणि मला आतून हसू फुटलं, कारण त्या शब्दाशी माझा फार जुना घरोबा आहे.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा पुण्यात एका विमा कचेरीत दावे तपासायला बसत असे. इस्त्रीची साडी, केसांत अबोली, नाकावर चष्मा आणि टेबलावर एक रबरी शिक्का : अपूर्ण. त्या शिक्क्यावर माझं नवऱ्यापेक्षा जास्त प्रेम होतं. एका माणसाने हिरव्या शाईने सही केली म्हणून मी त्याचे कागद परत पाठवले होते. हिरवी शाई चालत नाही असा नियम नव्हता; मला ती आवडली नव्हती. संध्याकाळी टेबल रिकामं झालं की वाटायचं, किती काम केलं मी! साहेब कौतुक करायचे आणि मी फुगून घरी जायचे. आज ती मुलगी मला भेटली तर मी तिची अबोली उपटून काढीन.

पण तिचा एक उपयोग होता. तिला काय आवडतं आणि ती कशाला कंटाळते, ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मेश्राम," मी म्हटलं, "पोस्ट पुरे. आपण जाऊन उभं राहायचं. कागद परत पाठवता येतो, माणूस नाही."

मेश्रामांचे डोळे चमकले. "सोडायचं नाही!"

"नाहीच सोडायचं. कुठंय कचेरी?"

"पाया लेबार."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले ते मॉनिटरचं रिकामं खोकं घेऊन. उभं केलं तर माझ्या कमरेपर्यंत येणारं. "हे कशाला?" तर म्हणे, "पुरावा." आम्ही एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत चढलो. खोक्याला दारापाशी उभं करून मेश्राम त्याला धरून बसले, आणि पलीकडच्या चिनी आजीबाई खोक्याच्या चौकोनी भोकात डोकावून मग माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना हात केला.

बेडोक ते पाया लेबार म्हणजे तीन स्टेशनं. तेवढ्यात मी सहज म्हटलं, "ऐंशी डॉलरसाठी एवढं का हो? तुम्हाला काही कमी आहे का?"

मेश्राम खोक्याकडे पाहत बोलले. "मी शाळेत होतो ना, तेव्हा माझी स्कॉलरशिप अडकली होती. मंजूर झालेली, पण मिळून नाही राहिली. वडील नव्हते. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची, नुकतीच मास्तरीण झाली होती. दर सोमवारी शाळा सुटली का ती मला घेऊन कचेरीत जायची. क्लार्क म्हणायचा, कागद अपूर्ण आहे. ताई भांडायची नाही. त्याच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर पोरांच्या वह्या ठेवायची आणि तपासत बसायची, कचेरी बंद होईपर्यंत. दर सोमवारी. सात महिने."

"मग?"

"मग काय! तो क्लार्कच कंटाळला. पैसे आले. पुस्तकं आली. मी इथवर आलो." युनोस स्टेशन गेलं. "आता ताईला विसरायला होते, मॅडम. मी रिटायर झालो ते विसरली. आई गेली तेही कधीकधी विसरते. मला पण सुरुवातीला ओळखत नाही. पण हे पैसे नाही विसरत. दर रविवारी विचारते, आले का रे? मी काय सांगू तिला? तिच्या भावाने सोडून दिलं म्हणून?"

पाया लेबार आलं तेव्हा खोक्याची दुसरी बाजू मी धरली.

कचेरीत काउंटरवर एक मुलगी होती. सव्वीसचीच असेल. अबोली नव्हती, पण चष्मा होता. संगणकावर आमचा नंबर घालून तिने मान हलवली. "कॅनॉट ला, आँटी. रिसीट मस्ट कॅन रीड वन. दिस वन ब्लॅक अल्रेडी." म्हणजे पावती वाचता आली पाहिजे, ही तर काळी झालीय.

मेश्रामांनी आवाज न चढवता खोकं काउंटरवर ठेवलं. मुलगी त्याच्यामागे दिसेनाशी झाली. "माझा बारकोड तुमच्या फाइलमध्ये आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "तो आणा. या भोकात बसला तर खोकं माझं. नाही बसला तर मी घरी जातो."

सुरक्षारक्षक जवळ आला, पण आम्हाला हटकायला नाही, बघायला. मुलगी आत जाऊन बारकोडचा तुकडा घेऊन आली. मेश्रामांनी तो दोन बोटांत धरून भोकात लावला. रेघेला रेघ, निळ्या रंगाला निळा रंग. सुरक्षारक्षक म्हणाला, "वाह."

"पण सिस्टिम घेणार नाही," मुलगी कळवळून म्हणाली. "पावतीचा आकडा घातल्याशिवाय पुढे जातच नाही."

आता माझी पाळी होती. मी खोक्याच्या बाजूने डोकं काढलं. "बाळ, तुझ्या पडद्यावरच्या कारणांच्या यादीत शेवटी 'इतर' असं काही आहे का?"

"आहे. पण ते कोणी वापरत नाही."

"माहीत आहे. मीही माझ्या कचेरीत सतरा वर्षांत एकदाच वापरलं. तिथं कारण लिहायला जागा असते ना? लिही : ग्राहकाने खोकं प्रत्यक्ष आणून दाखवलं, बँकेच्या स्टेटमेंटशी रक्कम जुळली. खाली तुझं नाव घाल. साहेबाला निर्णय घ्यावा लागत नाही, नुसतं 'ओके' करावं लागतं. साहेबांना ते फार आवडतं. आणि मुख्य म्हणजे आम्ही उद्या येणार नाही."

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मेश्रामांकडे. मेश्राम पिशवीतून पाण्याची बाटली, डबा आणि कोड्यांचं पुस्तक काढून काउंटरच्या कोपऱ्यावर मांडत होते.

तिने 'इतर' दाबलं.

दोन आठवड्यांनी मेश्राम लिफ्टपाशी भेटले. फोन पुढे केला. बँकेत ऐंशी डॉलर जमा. मी टाळी वाजवली. ते मात्र हसले नाहीत. फोन खिशात ठेवला, पुन्हा काढून पाहिला. "रविवारी या, मॅडम. ताईशी ओळख करून देतो."

विजयाचा दिवस म्हणून मी साखरभात करून नेला. सत्तावीस इंची पडद्यावर ताई आल्या. पांढरी साडी, बारीक अंबाडा, चेहरा मेश्रामांचाच. भाची मागे उभी होती.

"जय भीम, ताई."

"जय भीम." नजर इकडेतिकडे फिरत राहिली. "कोण आहे हा?"

"मी प्रभाकर, ताई."

"कोण प्रभाकर?" त्या भाचीकडे वळल्या, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागल्या. "मले घरी जायचं आहे. आई वाट पाहून राहिली असंल." भाचीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मेश्राम पडद्याच्या अगदी जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "ताई, ते पैशाचं..."

पदर सुटला. ताईंची मान ताठ झाली. डोळे सरळ भावावर आले. "बाबू! आले का रे तुझे पैसे?"

मी डब्याचं झाकण उघडायला घेतलं होतं. मेश्रामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही ना, ताई," ते म्हणाले. "अजून नाही आले."

मी झाकण परत लावलं.

"काहून नाही आले?" ताई खुर्चीत पुढे सरकल्या. "कागद दिले होते ना सगळे?"

"दिले ना."

"मग काय म्हणून राहिले ते?"

आणि इथे मेश्राम अडकले. त्या माणसाला खोटं बोलायची सवयच नाही. एक बोलून झालं, दुसरं सापडेना. मी माझी खुर्ची ओढून पडद्यासमोर आले.

"अर्ज अपूर्ण आहे म्हणतात, ताई."

"कोण म्हणते?"

"आहे एक क्लार्क. सव्वीस वर्षांची. केसांत अबोली घालते आणि स्वतःला फार शहाणी समजते."

"नाव काय तिचं?"

मी माझं नाव सांगितलं. माहेरचं आडनावसुद्धा.

"बाबू, लिहून ठेव," ताई म्हणाल्या. "सोमवारी शाळा सुटली का मी येते. तिच्या टेबलावर बसतो आपण. वह्या घेऊन येते मी. पाहू किती दिवस अपूर्ण म्हणते ते." मग आवाज खाली आला. "तू जेवून घे बरं. आणि सोडू नको."

मेश्रामांनी खरोखरच पेन उचललं आणि वहीत माझं नाव लिहिलं. लिहून झाल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"नाही सोडत, ताई," ते म्हणाले.