अनुस्वार परत आणिले त्याची हकीकत

हा मजकूर लिहिण्यास कारण ऐसे की, एका घरातील मोठ्या पडद्यावर जो रणसंग्राम जाहला, तो घरातील चौघे चार प्रकारे सांगतात, आणि चौघांपैकी तिघे आपणांस सेनापती म्हणवितात. चौथ्या बाईसाहेब, ज्यांच्याकरिता अवघे रण पेटले, त्या इतकेच म्हणतात की कामाचे बोला. सबब प्रत्येकास वेगळे बसवून, जबान्या घेऊन, घड्याळाशी ताडून, जे ठरले तेवढेच येथे दाखल केले असे. कोणाचे शौर्य वाढवून लिहिले नाही. मुळात ते फारसे नव्हते.

तर बाईसाहेब म्हणजे मुद्रितशोधनाच्या मुलखातील नामजाद सरदार. पुस्तक छापण्यास चढण्याआधी त्यातील चुका धरावयाच्या, ही त्यांची एकतीस वर्षांची चाकरी. ऱ्हस्वदीर्घाचा बंदोबस्त ऐसा कडक की चुकीचा उकार त्यांच्या नजरेसमोरून जिता सुटोन गेला नाही. अवघा छापखाना त्यांस काकू म्हणे आणि त्यांच्या तांबड्या खुणेस भिऊन असे. पुढे कागद गेला आणि काम संगणकावर आले, मग डोळ्यांस सोय म्हणोन लहान संगणकास जोडावयास सत्तावीस इंची मोठा पडदा आणविला, आणि खिडकीपाशी टेबलावर त्याची स्थापना करोन बाईसाहेब तेथून कारभार करू लागल्या.

ऐसे सुरळीत चालले असता एका बुधवारी सकाळी साडेदहा वाजता छापखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला.

"काकू, रागावू नका," व्यवस्थापक म्हणाले. "मागच्या प्रुफात तुम्ही एकेचाळीस ठिकाणी 'अनुस्वार द्या' अशी खूण केलीत. तिथं तो होताच. जुळणीवाल्यानं तुमची खूण बघून मुकाट्यानं आणखी एक दिला. आता 'रंग'वर दोन ठिपके, 'यंत्र'वर दोन. पानाला गोवर आल्यासारखं दिसतंय."

मग व्यवस्थापकांनी आज्ञा केली की शेवटची चोवीस पाने पाठवीत आहोत, ती पाच वाजेतो तपासोन द्यावी, आणि तीही ऐशीच आली तर यापुढे तपासणीचे काम यंत्राकडे सोपवावे ऐसे वर ठरत आहे, आणि काकूंनी आराम करावा. आराम हा शब्द त्यांनी फार प्रेमाने उच्चारिला. एकतीस वर्षांची सरदारी खालसा करण्यास याहून मऊ हत्यार आजवर कोणी काढिले नव्हते.

फोन ठेवोन बाईसाहेबांनी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला, मग पडद्यावर पान उघडोन पाहिले. अक्षरे होती, काने होते, वेलांट्या होत्या. परंतु अनुस्वार कोठे राखाडी डाग होऊन बसलेले, कोठे अजिबात बेपत्ता. पूर्वीच्या लिहिण्यात ठिपके उदंड असत, करूं, जाऊं, घरीं, दारीं, जेथे तेथे पहारा. पुढे त्यांची कपात जाहली आणि राहिले ते थोडे, म्हणोन एकेक शिपाई मोलाचा. तो शिपाई दिसेना, तर दोष ठिपक्याचा की डोळ्यांचा, हा प्रश्न बाईसाहेबांच्या मनात उभा राहिला, आणि तो त्यांनी कोणास बोलून दाखविला नाही. यजमानांस हाक मारोन एवढेच म्हणाल्या, "अहो, जरा इकडे या. हे पुसट दिसतंय का हो तुम्हालाही?"

यजमान म्हणजे पाण्याचे मीटर तपासण्याच्या चाकरीतून निवृत्त जाहलेले अनुभवी गृहस्थ. यंत्र कोणतेही असो, वीज काढावी आणि वीज घालावी, ही त्यांची एकमेव युद्धनीती. तीप्रमाणे त्यांनी पडदा बंद करोन चालू केला, मग संगणक बंद करोन चालू केला, मग तार उपसोन फुंकर मारोन पुन्हा खोविली, आणि इतके होऊन ठिपका तसाच राहिला तेव्हा म्हणाले, "मला तर छान दिसतंय." पहिली मोहीम येथे आटोपली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी किंचित घाम होता, त्याचे कारण पुढे उघड होईल.

मग यजमानांनी आपले धाकटे बंधू यांस सांगावा धाडिला. भावजीसाहेब म्हणजे कोपऱ्यावरील चष्म्याच्या दुकानाचे धनी. जगातील यच्चयावत दुःखे नंबर वाढल्याने होतात, हा त्यांचा सिद्धांत. ते पावणेबारास नंबर काढावयाची लोखंडी चौकट आणि भिंगांची पेटी ऐसा तोफखाना घेऊन दाखल जाहले.

"वहिनी, वय झालं की नंबर सरकतोच. त्यात लाजायचं काय?"

"लाजत नाहीये. पाच वाजता प्रूफ द्यायचंय."

"अहो, मग तर आधी नंबर!" ऐसे म्हणोन भावजींनी चौकट बाईसाहेबांच्या नाकावर चढविली आणि भिंगामागोन भिंग डागिले. "आता?"

"पुसट."

"आता?"

"आता तो पुसट ठिपका मोठा दिसतोय, भावजी."

भावजींनी मान हालविली आणि निकाल दिला की डोळे थकले आहेत, सहा महिने बारीक अक्षर वर्ज्य करावे. बाईसाहेबांनी चौकट उतरवोन टेबलावर ठेविली. त्या समयी त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या, ऐसे यजमानांच्या जबानीत आहे; आणि यजमान एरवी काही पाहत नसत, तरी हे त्यांनी पाहिले.

साडेबारास सूनबाई सकाळची पाळी संपवोन घरी आल्या. त्या इस्पितळात एक्स-रे काढीत. चपला काढता काढता त्यांनी सर्व वृत्तांत ऐकिला आणि फर्माविले की आधी फिल्म तपासायची, मग पेशंटला घाबरवायचे. मग पान मोठ्या पडद्यावरून ओढोन संगणकाच्या लहान पडद्यावर नेले. आणि तेथे बाईसाहेब नाक टेकवोन पाहतात तो ठिपके हजर!

"आई, डोळे नाही, पडदा खराब आहे."

"नाक लावून कुणालाही दिसेल," भावजी म्हणाले. "चार बोटांवरून वाचणं म्हणजे वाचणं का? दुकानात रोज बघतो मी."

तेव्हा पुरावा नामंजूर जाहला आणि सूनबाईंनी पदर खोचल्याप्रमाणे ओढणी खोविली. प्रथम पडद्याच्या मांडणीची चौकट उघडोन अक्षरे लहानमोठी करावयाच्या मापनाचा आकडा शंभरावर होता तो दोनशेंवर नेला, त्यासरशी अक्षरे हत्तीएवढी जाहली, ठिपकेही हत्तीएवढे आणि तितकेच पुसट, आणि चौकटीच्या तळाचे 'ठीक आहे' हे बटण पडद्याच्या सरहद्दीपलीकडे पसार जाहले. ते दिसेना, दाबता येना. यजमानांनी टेबलाखाली वाकोन पाहिले, कशाकरिता ते त्यांसही सांगता आले नाही. मग चाचपडत आकडा मागे आणिला, आणि मागे आणिता आणिता सूनबाईंची नजर त्याच्या खालच्या ओळीवर पडली.

"अरेच्चा! हा पडदा शिफारस केलेल्या मापावर नाहीच. ठिपके निम्म्याहून कमी करून ठेवलेत कुणीतरी."

प्रकार ऐसा होता की पडद्याच्या अंगी चित्र उमटविणारे मूळचे जितके ठिपके, तितके न वापरता थोडक्यात भागविले की चित्र ताणोन मोठे दिसते. परंतु मग अनुस्वाराचा एक ठिपका पडद्याच्या दीड ठिपक्यावर बसवावा लागतो, आणि दीडावर कोणाचे बूड नीट बसले आहे? तो दोन्हीकडे सांडतो आणि राखाडी होतो.

"पण बदललं कुणी?" सूनबाई म्हणाल्या.

मग यजमान खाकरले.

"पत्ते जरा मोठे दिसावेत म्हणून," ते म्हणाले. "ही दुपारी पडते ना, तेव्हा एक डाव खेळतो मी. एक बटण दाबलं, त्यानं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं."

"कधी?" बाईसाहेबांनी विचारिले.

"मागच्या प्रुफाच्या आदल्या दिवशी."

फितूर घरातच निघाला. त्याचा निवाडा तहकूब करोन, एक वाजोन वीस मिनिटांनी निर्णायक चाल जाहली. सूनबाईंनी बाईसाहेबांस खुर्चीवर बसविले, आपण मागे उभ्या राहिल्या, शिफारस केलेले माप निवडविले, आणि पडदा क्षणभर काळा होऊन उजळला, तो मध्यभागी एक चौकट उभी. तीत मजकूर येणेप्रमाणे: हे बदल कायम ठेवायचे का? पंधरा सेकंदांत पुर्वीची मांडणी परत येईल. आणि आकडा उतरो लागला.

"आई, 'हो' दाबा."

बाईसाहेबांचा हात संगणकाच्या उंदरावर होता. तो हालला नाही.

"आई, दाबा ना! नऊ राहिले!"

"अगं, पण 'पूर्वी'चा पू ऱ्हस्व टाकलाय यांनी."

"टाकू दे! दाबा!"

"असं कसं टाकू दे? लाखो लोक वाचत असतील हे. रफार दिलाय बरोबर, आणि उकार..."

"वहिनी, तीन!" भावजीही ओरडले.

चौकट मिटली. जिंकिलेला किल्ला आपसूक शत्रूच्या हवाली जाहला आणि पडदा पुनश्च चिखल होऊन बसला. यजमान कपाळावर हात मारोन म्हणाले की आम्ही निदान हो तरी म्हटले होते. सूनबाईंनी प्रथम डोळे मिटले, मग उघडले, मग हासो लागल्या, आणि हासत हासत भावजींकडे वळल्या.

"काका, तुम्ही मागं उभे होतात. पू ऱ्हस्व होता?"

भावजी म्हणाले, आपण आकड्याकडे पाहत होतो. यजमान म्हणाले, आपणही. मग चाल दुसऱ्यांदा खेळोन, फोनवर छायाचित्र टिपोन, ते ताणोन पाहिले, आणि होता. मुगाएवढ्या अक्षराच्या पायी तो ऱ्हस्व उकार हातभर अंतरावरून, धावत्या घड्याळाखाली, थकले म्हटलेल्या डोळ्यांनी धरिला होता. भावजींनी भिंगाची पेटी मिटविली, त्याचा आवाज तिघांच्या जबानीत नोंदला आहे. बाईसाहेबांनी या वेळी हो दाबिले.

अक्षरे आता लखलखीत, परंतु मुंगीएवढी. म्हणोन मापन दीडशेंवर आणिले आणि अवघे साजरे जाहले. फक्त प्रूफ उघडावयाचा संगणकातील कार्यक्रम जुन्या घराण्याचा, तो नवे कायदे मानीना आणि ताणोन पुसटच राही. तेव्हा त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबोन, तीन चौकटींची दारे ओलांडोन, आपले मापन आपणच करावे ऐसा त्यास ठराव लिहोन दिला, मग तोही ताळ्यावर आला. दोन वाजोन दहा मिनिटे जाहली होती. बाईसाहेबांनी सर्वांस खोलीबाहेर जाण्याचा हुकूम केला.

चार वाजोन बावन्न मिनिटांनी चोवीस पाने रवाना जाहली. त्यांत खुणा सतरा. पाच वाजोन दहा मिनिटांनी व्यवस्थापकांचा फोन आला. बाईसाहेबांनी तो सर्वांसमक्ष घेतला.

"काकू, पान एकतीस. तुम्ही पुन्हा अनुस्वार मागितलाय. मी म्हटलं, झालं पुन्हा सुरू. यंत्राकडूनही तपासून घेतलं, त्यानं ते पान पास केलंय."

"वाचून दाखवा."

व्यवस्थापक वाचो लागले. पुस्तक लोखंडी कामाच्या देखभालीचे होते. "'गच्चीच्या कठड्याचा गज दर वर्षी काढून टाकावा, आणि मग कठड्यास टेकून तो भक्कम आहे की नाही...'"

येथे थांबोन व्यवस्थापकांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासोन वाचिले.

"गंज," बाईसाहेब म्हणाल्या.

"गंज," व्यवस्थापक म्हणाले. मग घसा साफ करोन म्हणाले, "काकू, पुढचं पुस्तक सोमवारी पाठवू ना?"

"शनिवारी पाठवा. सोमवारी मला दुसरी कामं असतात."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. यजमानांस पत्त्यांचा डाव लहान पडद्यावर खेळण्याची सनद मिळाली, भावजींनी चहा घेतला, सूनबाईंनी सेनापतीपदावर हक्क सांगितला आणि इतर दोघांनीही. तपासाअंती दोष पडद्याकडे निघाला, काही यजमानांकडे निघाला. बाईसाहेबांच्या डोळ्यांकडे निघाला नाही. हे सर्वांच्या जबान्यांत एकमुखाने आहे, म्हणोन खरे धरोन कायम केले.