सँपलवाले डोमाजी

डोमाजी हटवारांनी सख्ख्या पुतण्याच्या लग्नात जिलेबी नाकारली, तेव्हा अख्ख्या मांडवाला वाटलं, भाऊबंदकी उपटली. खरं कारण मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बाई येणार होत्या.

"आज जिलेबी खाल्ली तं उद्या सांगा लागंल," त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "मंग सरकारले वाटंल, इकडं सारेच जिलेबी खाऊन राहिले. सँपल बिघडते ना जी."

गोष्ट पंचाहत्तरच्या आगेमागची. दिघोरीजवळच्या एका गावात मी नवा ग्रामसेवक होतो. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं खेड्यातल्या गरिबीचा अभ्यास काढला होता. चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडली, त्यात डोमाजींचं निघालं. दरवर्षी धानाची कापणी आटोपली की संस्थेच्या बाई लाखांदूरहून एसटीनं येत आणि त्याच घरांना तेच प्रश्न विचारत. 'सँपल', म्हणजे शंभर गावांच्या वतीनं निवडलेला नमुना, हा शब्द डोमाजींनी बाईंकडून उचलला आणि पदवीसारखा मिरवला. सरपंचाशी वाजलं की म्हणत, "तुमी एका गावाचे. माया मांगं शंभर गावं हायेत."

घराला कुलूप दिसलं तर शेजारचं घर घ्यावं लागतं, असं बाई एकदा बोलून गेल्या. झालं. कापणी संपली की हा माणूस गावाची शीव ओलांडेना. एकुलती एक मुलगी सिहोऱ्याला दिलेली. आई गेल्यापासून तिचा धोशा होता, बाबा, इकडे या. यांचं उत्तर ठरलेलं, "सँपलनं घर सोडाचं नसते." मला राग यायचा. पोटच्या पोरीपेक्षा पुण्याचा फॉर्म मोठा? लेकीच्या दारी राहणं त्यांना जड वाटायचं, हे मला फार उशिरा कळलं.

फॉर्मचा पहिला प्रश्न असे, काल काय खाल्लं? डोमाजी धुतलेलं धोतर नेसून, घसा साफ करून सांगत, "भात, लाखोरीचं वरन, वांग्याची भाजी."

बाई हसत. "डोमाजी, तुमचा काल दरवर्षी सारखाच कसा?"

"गरिबाचा काल सारखाच असते जी."

एका वर्षी बाईंनी विचारलं, गरीब कोण, हे कुणी ठरवावं? तोवर गरिबांची यादी तालुक्याला बसून व्हायची आणि तीत ट्रॅक्टरवालेही निघत. डोमाजी म्हणाले, "यादी गावासमोर मोठ्यानं वाचा. कागदावर खोटं खपते, तोंडावर नाई खपत."

काही वर्षांनी खरंच तसं परिपत्रक आलं. संस्थेचा अहवाल सरकारनं मानला होता आणि यादी आता ग्रामसभेत वाचूनच पक्की व्हायची होती. मी ते चावडीवर वाचलं. वाटलं, डोमाजी आता महिनाभर जमिनीवर चालणार नाहीत.

ते एवढंच म्हणाले, "म्हंजे बाई आता नाई येनार?"

"अभ्यास संपला. सरकारनं ऐकलं ना तुमचं."

"आइकलं, बेस झालं. आता इचारंल कोन?"

त्याही वर्षी कापणीनंतर ते कुठं गेले नाहीत. धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसलेले दिसायचे. शेवटी मला राहवेना. कोरा कागद घेऊन समोर बसलो. "डोमाजी, काल काय खाल्लं?"

त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, "मुरमुरे. एकट्यासाठी कोन रांधते जी? बाई येनार म्हनून आदल्या दिशी रांधत होतो. मुरमुरे खाल्ले म्हनलं असतं, तं तिचं तोंड उतरलं असतं."

जिलेबी नाकारणाऱ्या माणसानं इतकी वर्षं स्वतःच सँपल बिघडवलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण मी कोरा कागद तसाच घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून कचेरीत जाताना मी रोज विचारू लागलो. पहिले काही दिवस मुरमुरे. मग एकदा भात-वरण. पुढं वांगीही आली.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप द्यायला डोमाजी एसटीपर्यंत आले. मी एकटा माणूस, आदल्या दिवशी भांडीकुंडी बांधण्यात चूल पेटलीच नव्हती.

"साहेब, काल काय खाल्लं?"

"भात, वरण, वांग्याची भाजी," मी म्हणालो.

डोमाजींनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि बगलेतली गरम भाताची शिदोरी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.