नानांची कॅसेट

गुढीपाडवा, सकाळी नऊ ते एक. अक्षय्यतृतीया, दुपारी दोन ते पाच. वटपौर्णिमा, दिवसभर. या तिन्ही दिवशी राहुरीच्या आमच्या कॉलनीत एका जीपचे दार अखंड आपटत होते. जबाबदार पुढीलप्रमाणे: एक, माझे शेजारी नाना, निवृत्त कालवा निरीक्षक, दोन, त्यांचे बंगळूरला नोकरी करणारे चिरंजीव, तीन, त्या जीपमधला टेप, ज्याला कॅसेटशिवाय काहीही चालत नाही.

सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तीन महिन्यांकरिता बंगळूरला गेल्या. त्याला आता दोन वर्षे झाली. चिरंजीवांनी आईची भजने आणि चार शब्द संगणकात भरून त्याची सीडी घरी पाठवली. सोबत आपला जुना संगणकही. नानांना मात्र तो आवाज जीपमध्ये हवा होता.

त्यासाठी संगणकातून टेपरेकॉर्डरला वायर जोडायची आणि भजन संपेपर्यंत बसून ते कॅसेटवर उतरवायचे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, पाणी पोचवण्यात नानांची हयात गेली. ते वायरीला चारी, म्हणजे कालव्याचा छोटा पाट, म्हणत आणि जीपला टेल. थोडे उतरले की कॅसेट काढून जीपकडे धाव, दार उघड, ऐक, दार आपट, पुन्हा घरात.

नगरला एक दुकानदार हे काम झटपट करून देतो, असे मी सुचवले.

"साहेब, एकदम सोडलं की चारी फुटती," नाना म्हणाले.

मी न्यायालयात लिपिक होतो. शांततेच्या हक्काबाबत मी त्यांना चार पत्रे रजिस्टर पोस्टाने पाठवली. आमच्यामध्ये एक भिंत आहे. नाना पोचपावतीवर सही करत आणि भिंतीवरून विचारत, "अक्षर लई देखनं हाय तुमचं. उत्तर तोंडी चालंल का?"

"लेखी."

"मग ऱ्हाऊ द्या. च्या घ्या."

पाचवे पत्र अर्ध्यावरच राहिले. माणसाने किती लिहावे?

आषाढात एके सकाळी नाना म्हणाले, "टेलला पोचलं. नगरला चाललोय, येता का?" मला ग्राहक मंचात तारीख होती आणि एसटी चुकली होती. नाइलाजाने बसलो.

विळदच्या घाटात भजन संपले. वहिनींचा आवाज आला, "सकाळची गोळी घेतली का?" मग टेप कोराच फिरत राहिला. हा सरळसरळ दोष होता. मी तसे म्हणणार, तोच रस्त्यावरची नजर न काढता नाना म्हणाले, "घेतली की."

"खोटं बोलू नका," वहिनी म्हणाल्या.

नाना ओशाळले. जीप कडेला घेऊन त्यांनी खिशातली गोळी गिळली.

"ही मोकळी जागा आपण हेतुतः सोडली आहे काय?" मी विचारले.

"ती एका दमात बोलून गेल्ती. मला उत्तराला येळ लागतो. म्हनून मधी मधी टेप मोकळा सोडला. किती सोडायचा ते हितं बसूनच कळायचं." गिअर टाकताना ते पुढे म्हणाले, "घरात तिला बोलायला येळच नसायचा. आमी बोलायचो ते गाडीत."

नगर येईपर्यंत मी गप्प बसलो. बोललो असतो, तर नानांची पाळी चुकली असती.

सबब, नानांविरुद्धची तक्रार मी मागे घेत आहे. बंगळूरच्या चिरंजीवांनी मात्र आपली आई राहुरीला केव्हा परत येणार, याचे उत्तर आपल्या दैनिकाच्या याच पानावर, तारखेसह, जाहीरपणे द्यावे.