बाळारामतात्यांची पाखरं

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि सायकलच्या कॅरियरला बांधलेली अंड्यांच्या ट्रेची चळत. आमच्या भिसेगावात असा माळकरी एकच, आमचे शेजारी बाळारामतात्या. ट्रे रिकामे असतात, पण हे कोण कुणाला सांगणार? भजनी मंडळात बरेच दिवस कुजबुज होती. शेवटी बुवांनी विचारलंच. तात्या शांतपणे म्हणाले, "पाखरांना बसाया लागतात."

पाखरं म्हणजे दिव्यावर येणारे पतंग. तात्या कळंबच्या एका रिसॉर्टवर राखणदार होते, तेव्हा पतंगांच्या नोंदी करणारी काही मुलं तिथे उतरली होती. तात्यांनी त्यांना चहा पाजला, त्यांनी तात्यांना वेड लावलं. आता तात्यांच्या परसात एक बादली असते, तिच्यावर नरसाळं, नरसाळ्यावर बल्ब. पतंग उजेडाकडे येतात, घसरून आत पडतात आणि ट्रेच्या खळग्यांत निवांत झोपतात. सकाळी तात्या एकेकाचा फोटो काढून त्या मुलांपैकी एकीला पाठवतात. मग टपून बसलेल्या साळुंक्या-कावळ्यांची नजर चुकवून सगळ्यांना अळवाच्या पानांआड सोडून देतात.

ती मुलगी लांबलचक शास्त्रीय नावं कळवते. तात्या म्हणतात, "ते त्याचं शाळंतलं नाव." घरची नावं तात्यांनी ठेवली आहेत. हात लावला की मेल्याचं सोंग घेतो तो तलाठी. अंगभर पिवळी लव असलेली ती मावशी. एका जाड्या, सारखी फडफड करणाऱ्या पतंगाला माझं नाव दिलंय. कारण विचारलं तर म्हणाले, "आवाज लई करतो, पण चावत नाय."

अशात गल्लीला रस्त्याचा दिवा मंजूर झाला आणि खांबाची जागा निघाली नेमकी तात्यांच्या कुंपणाला. त्या झगझगाटापुढे बादलीवरच्या बल्बाकडे कोण फिरकणार? तात्या माझ्याकडे आले. पत्रकं काढणं हा माझा धर्म. 'उजेडाची जबरदस्ती बंद करा!' असं जळजळीत पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. 'आमच्या गल्लीत उजेड कधी?' हेही पूर्वी मीच काढलं होतं. छापखानेवाल्याने दोन्ही पत्रकं शेजारी-शेजारी ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. तत्त्व एकच आहे, दुबळ्याची बाजू, असं मी त्याला ठणकावलं.

तात्या आणि मी सह्या घ्यायला निघालो. पहिले युनूसभाई, ट्रे त्यांच्याच अंड्यांच्या दुकानातून येतात. त्यांनी न वाचताच सही केली. त्यांची मुलगी नाझनीन खोपोलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती घरीच होती, पायाला पट्टी बांधलेली. तिने पत्रक नीट वाचलं आणि पेन मागितलं. पायाला काय झालं, तात्यांनी विचारलं. आदल्या संध्याकाळी कामावरून येताना गल्लीतला खड्डा दिसला नव्हता.

"त्याचं काय एवढं, तात्या," ती म्हणाली. "तुमची पाखरं राहू देत. मी मोबाइलचा टॉर्च लावीन."

तात्यांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. पत्रकाची घडी करून खिशात घातली आणि माझ्यावरच डाफरले, "पाखरू पडलं तर उडंल. पोर पडली, ती तुज्या पत्रकात कुठं हाय रं?"

खांब लागला. तात्यांनी वायरमनच्या मागे लागून दिव्याचं तोंड खड्ड्याकडे वळवून घेतलं. बादली विहिरीमागे गेली. पाखरं आता थोडी येतात. तात्यांच्या मते गर्दी हटली, घरंदाज तेवढी उरली.

तात्यांचा मुलगा पनवेलला असतो, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली दिवेलागणीला तात्या खुर्ची घेऊन खांबाखाली बसतात. परवा मी विचारलं, काय चाललंय. "दिव्यावर कुठली पाखरं येतात ते बगतोय," म्हणाले.

मी वर पाहिलं. दिव्याभोवती पतंगांचा नुसता धुरळा उडाला होता. तात्यांची पाठ होती दिव्याकडे आणि डोळे स्टेशनकडच्या वळणावर. तिथे नाझनीन दिसली. "जेवलात का, तात्या?" विचारून ती घराकडे वळली.

तिचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तात्यांनी खुर्ची उचलली.