मॅडम, कृपया उठू नका

स्त्री-नेतृत्व या विषयाचा अख्ख्या बूढापाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणाचा अभ्यास असेल, तर तो माझा! मी त्यावरचे तीन व्हिडिओ पाहिले आहेत. एक तर शेवटपर्यंत.

त्यामुळे आमच्या मराठी मंडळाने महिला दिनासाठी लघुपट स्पर्धा जाहीर केली, तेव्हा जेवता जेवता माझी पटकथा तयार झाली. विषय : एका मोठ्या कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर बसणारी पहिली बाई. नाव : 'तेरावा मजला'. लेखक, दिग्दर्शक, निर्माता : शिशिर, म्हणजे मी. नायिका : गंधाली, म्हणजे माझी बायको. स्थळ : मी ज्या सळ्यांच्या कंपनीत हिशेब बघतो, तिथल्या मालकांची केबिन. ती पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली पाण्याच्या मोटारी विकतात, पण सिनेमात मजले कोण मोजतं? रविवारी येऊन थोडं काम उरकतो, एवढंच मी मालकांना सांगितलं होतं. ते इतके भारावले की किल्ली देताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

प्रवेशिका रविवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती.

(कंसातली गोष्ट. फार महत्त्वाची नाही, म्हणून कंसात. शुक्रवारी गंधालीला तिच्या औषध कंपनीने विचारलं, की अख्ख्या छत्तीसगडची प्रमुख होणार का. उत्तर रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

"काय कळवू?" तिने मला विचारलं.

"आधी शूटिंग होऊ दे. तुझ्याकडे काळा कोट आहे ना?"

"दौरे राहतील. जगदलपूर, अंबिकापूर. आईंना तर अजून सांगितलंच नाही मी. त्यांचा चहा, त्यांच्या गोळ्या..."

"अगं, मी इथं बायकांना शिखरावर नेऊन राहिलो, अन्‌ तू मधातच काय काढते?"

कंस पूर्ण.)

पटकथेत असं होतं

मॅनेजिंग डायरेक्टर खुर्चीत बसली आहे. म्हणते, "सद्‌गृहस्थहो, आजपासून या कंपनीची धुरा माझ्या हाती आहे." चपराशी चहा आणतो. म्हातारे संचालक ओरडतात, "बाईच्या हाती कारखाना? अशक्य!" ती चपराशाकडे पाहत नाही, संचालकांकडे पाहत नाही. खिडकीबाहेर पाहते. समाप्त.

दोन मिनिटांचं काम. यात बिघडण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

बिघडलं ते असं

म्हातारे संचालक म्हणून शेजारचे शालिग्रामकाका होते. कॅमेऱ्यावर माझा मावसभाऊ भार्गव. तो गुढियारीत राहतो, लग्नांचे व्हिडिओ काढतो, त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो हिंदीत देतो. "भैया, इमोशन मुझ पर छोड़ दो," असं त्याने आल्या आल्या सांगितलं. मी सोडलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

राहिला चपराशी.

"मले काहून नाही घेत सिनेमात?" आईने विचारलं. माझी आई, गोदूबाई. अख्खा मोहल्ला तिला घाबरतो. "डायलॉग नको मले. पण दिसली पाहिजे."

चपराशाला डायलॉग नव्हता. दिला रोल.

क्लॅप द्यायला पाटी नव्हती, म्हणून घरून पोळपाट-लाटणं आणलं होतं. मी लाटणं आपटलं. गंधालीने मान वर केली. काळा कोट, केस बांधलेले, डोळ्यांत जरब. मलाच दरदरून घाम फुटला, इतकी ती मॅनेजिंग डायरेक्टर!

"सद्‌गृहस्थहो, आजपासून या कंपनीची धुरा माझ्या..."

दार उघडलं. आई ट्रे घेऊन आली.

"आई, द्या इकडे," मॅनेजिंग डायरेक्टर उठली, ट्रे घेतला, संचालकांपुढे चहा ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"कट! गंधाली, तू काहून उठली?"

"सवय झाली हो."

पुन्हा पोळपाट. पुन्हा धुरा. आई आत येताच गंधाली पुन्हा उभी! शिवाय या वेळी तिचा हात डोक्यावर पदर घ्यायला गेला. पदर कोटाच्या आत होता, म्हणून तिने कोटाचीच कॉलर डोक्यावर ओढली. कंपनीची सर्वेसर्वा, कासवासारखी कोटात मान घालून, सासूपुढे उभी.

"मी कुठं उठून राहिली?" ती रडवेली होऊन म्हणाली. "मी बसलेलीच असते. पाय उठून राहिले माझे."

"आई, तू जरा चपराशासारखी ये ना," मी म्हणालो.

"म्हणजे कशी?"

"नम्र."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

आणखी एक अडचण होती. रिकामा कप आई कोणापुढे ठेवायला तयार नव्हती. "घरी आलेल्या माणसाले खाली कप दाखवतेत का?" हे घर नाही, तो माणूस नाही, तो संचालक आहे, असं मी समजावलं. उपयोग शून्य. प्रत्येक टेकला ऑफिसच्या पँट्रीत आलं कुटून नवा चहा. शालिग्रामकाकाही प्रत्येक कप संपवत होते. त्यामुळे "बाईच्या हाती कारखाना? अशक्य!" हे वाक्य टेकागणिक मवाळ होत गेलं. शेवटी शेवटी ते म्हणाले, "बाईच्या हाती कारखाना? काय हरकत आहे. आलं मस्त पडलं वहिनी."

साडेचार वाजले.

"इनको बाँध देते हैं," भार्गव म्हणाला.

कल्पना तांत्रिक होती, म्हणून मला आवडली. कॅमेऱ्याच्या बॅगेच्या पट्ट्याने आम्ही गंधालीला खुर्चीला बांधलं. वरून कोट. काही दिसत नव्हतं. स्त्री-मुक्तीच्या इतिहासात असा शॉट झाला नसेल.

पोळपाट! धुरा! दार! आई!

गंधाली उठली. खुर्चीसकट उठली! मालकांची चाकाची, मऊ चामड्याची, मोठ्या पाठीची खुर्ची पाठीवर घेऊन, शंख घेऊन निघालेल्या गोगलगायीसारखी ती वाकून ट्रेकडे निघाली. "आई, द्या इकडे." खुर्चीचं चाक टेबलाला लागलं, टेबल ट्रेला लागलं आणि चहा मालकांच्या टेबलावरच्या काचेवर पसरला. नेमक्या त्याच क्षणी खालचा गार्ड आवाज ऐकून वर आला होता. त्याने दारातून पाहिलं आणि आल्या पावली परत गेला.

त्याने मालकांना फोनवर काय सांगितलं, ते मला सोमवारी कळलं. तो म्हणाला होता, "साहब, कोई मैडम आपकी कुर्सी लेकर जा रही हैं। बँधी हुई हैं, लेकिन जा रही हैं।"

मध्यंतर

मी फडक्याने काच पुसत होतो. टेबलावरचा फोन वाजला. आई जवळ होती, तिने उचलला.

"हव, बोलिए. मैं? मैं चपरासी. साहब नहीं हैं, मैडम हैं. मैडम ने कंपनी हाथ में ले ली है. मीटिंग चालू है, आप बाद में करिए."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "बरोबर बोलली ना मी?"

"कोण होतं?"

"होता कोणी साहेब. लय जोरानं बोलून राहिला होता. 'अभी आता हूँ' म्हणे."

मालक! मी काच आणखी जोरात पुसू लागलो. त्या काचेत माझी नोकरी गेलेली स्पष्ट दिसत होती.

मध्यंतरानंतर

मालक घरून निघाले तर अर्धा तास. मी मोठा दिग्दर्शक असल्यामुळे तत्काळ निर्णय घेतला : भूमिका बदला! आई मॅनेजिंग डायरेक्टर, गंधाली चपराशी. सून उभी, सासू बसलेली. निसर्गक्रम! पायांना तक्रारीला जागाच नाही.

आई खुर्चीत बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले, एकदा गर्रकन फिरून पाहिलं आणि म्हणाली, "चांगली आहे."

मी लाटणं उचललं. गंधाली ट्रे घेऊन आत आली आणि तिच्या कोटाच्या खिशातला फोन वाजला.

"बंद कर ना तो!"

"हेड ऑफिसचा आहे," ती हळूच म्हणाली. फोन वाजून वाजून थांबला.

"कायचा फोन?" खुर्चीतून प्रश्न आला.

गंधालीने ट्रे टेबलावर ठेवला. "आई, मोठी पोस्ट देऊन राहिले मले. पूर्ण छत्तीसगड. आज सांगायचं आहे."

"मग सांग ना."

"महिन्यातून आठ-दहा दिवस बाहेर राहावं लागते. तुमचा चहा..."

"माह्या चहासाठी तू छत्तीसगड सोडून राहिली?"

गंधालीने ट्रेमधला कप उगाच सरळ केला.

"याले कधीपासून माहीत आहे?" आईने बोट माझ्याकडे केलं.

"शुक्रवारपासून."

"मग हा काय म्हणे?"

"कोट आहे का म्हणे."

शालिग्रामकाका माझ्याकडे पाहून मान हलवत होते. खलनायकाच्या भूमिकेतला माणूस माझ्याकडे पाहून मान हलवत होता!

आई उठली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"गंधाली, बस इथं."

"आई, तुम्ही उभ्या, अन्‌ मी..."

"मी उभी आहे ते दिसून राहिलं मले. बस."

गंधाली बसली. आईने टेबलावरचा ट्रे उचलला, दाराबाहेर गेली, दार लावलं. मग दार उघडून आत आली. गंधालीचे गुडघे हलले. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. आई एकेक पाऊल टाकत पुढे आली. गंधालीच्या कपाळावरची शीर उडत होती. आईने कप तिच्यासमोर ठेवला, कान उजवीकडे करून.

गंधाली बसलेली होती.

"पी. अन्‌ लाव फोन."

तिने एक घोट घेतला, फोन लावला. "नमस्कार सर. हो. मी घेते ही जबाबदारी." आणि मग, चक्क, ती खिडकीबाहेर पाहू लागली. पटकथेत होतं तस्संच!

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि मालक आत आले. त्यांनी तोंड उघडलं, तोच आई त्यांच्यापुढे उभी राहिली.

"श्श. मैडम फोन पर हैं."

मालक थांबले. शालिग्रामकाकांनी त्यांच्या हातात कप दिला. आमचे मालक, सळ्यांचे सम्राट, स्वतःच्याच केबिनच्या दारात बशी धरून, फोन संपायची वाट पाहत उभे राहिले.

"भार्गव," मी डोळे पुसत कुजबुजलो, "मिळालं ना सगळं?"

"एक-एक सेकंड, भैया."

पडद्यावर काय आलं

एक-एक सेकंद आला होता. माझ्या तोंडाचा.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मी. तोंड उघडं, एका हातात पोळपाट, एका हातात लाटणं. मागून बायकांचे आवाज. "हा काय म्हणे?" "कोट आहे का म्हणे." त्यावर माझा घाम, जवळून.

"अरे, ती तिकडं होती ना! इतिहास तिकडं घडून राहिला होता!"

"भैया, विदाई में हम लड़की को नहीं पकड़ते," भार्गव शांतपणे म्हणाला. "लड़की तो चली जाती है. पीछे जो रह जाता है, उसका चेहरा पकड़ते हैं."

सहाला पाच मिनिटं कमी होती. आहे तेच पाठवलं.

मालकांनी मला काढलं नाही. सोमवारी एवढंच विचारलं, "वो माताजी रोज़ आ सकती हैं क्या?" आई नाही म्हणाली. चपराशाचं काम तिने एकदा करून पाहिलं आहे म्हणे, आता वरची जागा असेल तर बघेल.

मंडळाच्या परीक्षक पद्मिनीबाईंनी आमच्या लघुपटाला एक बक्षीस दिलं. उत्कृष्ट खलनायक : शिशिर. अभिप्रायात लिहिलं, "एकही शब्द न बोलता." शालिग्रामकाका अजून माझ्याशी बोलत नाहीत. खलनायक ते होते.

गंधाली आज जगदलपूरला आहे. मी खुर्चीत बसून हे लिहितो आहे, कारण या विषयावर अधिकाराने लिहू शकेल असा दुसरा माणूस बूढापाऱ्यात...

"शिशिर, चहा," आईने आतून फर्मावलं.

मी बसलेलोच आहे हो. पाय उठले.