आप्पांच्या घरात शिंकायचं नाही

आप्पांच्या घरात शिंकायला मनाई होती. शिंक आलीच तर उठायचं, अंगण ओलांडायचं, रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन शिंकायचं आणि परत यायचं. तोवर चहा निवलेला असे, पण इलाज नव्हता. मी एकदा उंबऱ्यातच शिंकणार होतो, तर आप्पांनी आपला टॉवेल माझ्या तोंडावर असा दाबला, की शिंकेबरोबर मीही जातो की काय असं मला वाटलं.

आप्पा माने हे साताऱ्यातले माझे शेजारी. मूळचे कुंडलचे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मिशांवर लिंबू ठरेल असा माणूस, पण बोलायचे कुजबुजत. लढाईत घशाला काही लागलं असावं, अशी गल्लीची समजूत होती. खरं कारण त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली होतं. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून केलेली पाण्याची पेटी, आणि तिच्यात पलटणीतल्या एका मलबारी दोस्तानं दिलेली माशांची जोडी. रुपयाएवढे पिवळे मासे, कुशीवर काळा ठिपका.

हे मासे अंडी टाकून निघून जाणाऱ्यांतले नव्हेत. कौलाच्या तुकड्यावर अंडी चिकटवायची, नवरा-बायकोनं पाळीपाळीनं परांनी वारा घालायचा, पिल्लं झाली की राखण करायची, असा त्यांचा नेटका संसार. खोड एकच. घाबरले की आपलीच अंडी, आपलीच पिल्लं गिळून टाकायचे.

"भ्यालं की खातंय, मास्तर," आप्पा माझ्या कानाशी येऊन सांगत. "तोफंम्होरं हुबा ऱ्हायलोय मी. पर ह्या काचंम्होरं पाय लटपटत्यात."

पहिली वीण आक्कांच्या खलबत्त्यानं गेली, दुसरी दिवाळीच्या फटाक्यांनी. आक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी. तेव्हापासून त्या चटणी कुटायला आमच्या घरी येऊ लागल्या आणि नवऱ्यावरचा राग मिरच्यांवर काढू लागल्या. "मला कवा एवढं जपलं न्हाई ह्या बाबानं," असं म्हणत दणके घालायच्या. पण पिल्लांसाठी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायच्या त्याही आक्काच. घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं. एकदा तरी ह्या जोडीची पोरं जगावीत, एवढंच दोघांचं मागणं होतं.

तिसऱ्या वेळी अंडी दिसली आणि त्याच संध्याकाळी गल्लीत एक वरात शिरली. आप्पा बँडवाल्यांपुढे हात जोडून उभे राहिले. एवढा मिशाळ माणूस गयावया करतोय म्हटल्यावर बँडवालेच घाबरले. वरात कोपऱ्यापर्यंत मुक्यानं गेली. नवरीच्या बापानं आप्पांना दिलेल्या शिव्या तेवढ्या ऐकू आल्या, आणि त्याही आप्पांनी त्याला हळू आवाजात द्यायला लावल्या.

पुढे पिल्लं निघाली आणि लगेच कोयनेचा भूकंप झाला.

सदुसष्ट सालचा तो डिसेंबर. पहाटे फळीवरची भांडी धडाधडा खाली आली आणि आम्ही मिळेल त्या कपड्यांत रस्त्यावर धावलो. आमच्या आधी आप्पा तिथे होते. चिंचेखाली उभे, अंगात नुसती बंडी. थोड्या वेळानं आक्का आल्या, केसांत कौलांची माती. त्यांनी आप्पांकडे नुसतं पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली, घरात गेले आणि बाहेर आलेच नाहीत. आम्ही म्हटलं, बघा, गेले माशांपाशी.

मग सगळी गल्ली समोरच्या मैदानावर राहायला आली. जमीन दिवसातून कितीदा तरी हलायची. बायकांनी तांब्यावर तांबे रचून ठेवले होते, म्हणजे हादरा आला की ते पडून आवाज होईल. आवाज होण्याआधीच आम्ही उठून बसत असू. आप्पा मात्र भेगाळलेल्या भिंतीआड, पेटीपाशी बसून. आक्का जेवणाचं ताट उंबऱ्यात ठेवून परत येत.

अखेर एका दुपारी मी धीर करून आत गेलो. धीर म्हणजे काय, एक पाय बाहेरच होता. थंडीचं पाणी उबदार राहावं म्हणून पेटीला कंदील टेकवलेला, शेजारी आप्पा. पिल्लं अजून होती; हादरा आला की आप्पा डोळे गच्च मिटून घ्यायचे, त्यामुळे ती कशी वाचली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"आप्पा, भिंत पडेल. चला."

ते काही बोलणार तोच खालून गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि जमीन सरकली. मैदानात तांबे पडले, बायका ओरडल्या. मी दाराची चौकट धरली. आप्पांनी कंदील फुंकला आणि दोन्ही हातांनी पेटीला मिठी मारली. पाणी हिंदकळून त्यांच्या छातीवर सांडत होतं. आत ते दोन मासे सैरावैरा धावत पिल्लं तोंडात ओढत होते.

"खाल्ली," आप्पा म्हणाले. "समदी खाल्ली, मास्तर."

हादरा थांबला. पाणी निवळलं. नर तळाशी गेला, त्यानं वाळूत एक खळगा केला आणि तोंडातून एकेक पिल्लू त्यात सोडलं. मागोमाग मादीनंही सोडली. पिल्लं वळवळत होती.

आप्पा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मी म्हटलं, "अहो, जगली की."

"त्येंनी तोंडात धरली," ते म्हणाले. "आन मी, मास्तर, त्या पहाटं तिला घरात टाकून पळालो. हाकबी मारली न्हाई. मासं राखतोय म्हनत्यात समदे, म्हनू द्यात. मी तिच्याम्होरं जाऊ कसा?"

मी त्यांचा हात धरला आणि उठवलं. ते आले.

मैदानात आक्का घोंगडं पांघरून एकट्या बसल्या होत्या. ओल्या बंडीतल्या नवऱ्याला पाहून त्यांनी विचारलं, "पोरं हायत?"

"हायत."

"मग बसा की." त्यांनी अर्धं घोंगडं आप्पांच्या अंगावर टाकलं. "मला एकटीला लय भ्या वाटतंय हितं."

"मलाबी," आप्पा म्हणाले. कुजबुजत नाही, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांच्या घशाला काहीही झालेलं नव्हतं.