खाजणातल्या रस्त्याची दुपारची झोप

हिंमत असेल तर यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. आमच्या खाजणातला, खाडीकाठच्या दलदलीतला रस्ता रोज दुपारी एक ते चार झोपतो.

चूक गुणाबाईची. चिखलात दरवर्षी रस्ता बुडायचा, म्हणून नेवरेकर इंजिनियर गुणाबाईच्या शेडवर आले, जिथं बाया काथ्याचे दोर वळायच्या. चिखलावर काथ्याची जाळी अंथरायची, वर खडी टाकायची, मग खडी खाली जात नाही, म्हणाले. "येईल ना विणायला?"

गुणाबाई चौथी नापास, पण जीभ मॅट्रिक पास. "साहेब, मला काय येत नाही ते विचारा!"

येत होती तिला फक्त बाज विणायला. तीच वीण तिनं अकरा बायांकडनं पाऊण किलोमीटर विणून घेतली. आता अंगाखाली बाज आली की कुणीही लवंडणारच. ऊन चढलं तसा रस्ता झोपला, तोही कुशीवर. भाजीचा टेम्पो अलगद बांधाखाली उतरला. एक टोमॅटो फुटला नाही.

साहेबांनी रस्त्याला नोटीस काढली: कामाच्या वेळेत झोपल्याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा. रस्त्यानं दिला नाही. मग गुणाबाईला बोलावणं.

"गुरुवारी मोठे साहेब भरलेला डंपर चालवून बघणार. नाही गेला तर जाळी उपटायची आणि शेडला टाळं."

शेडच्या मजुरीवर अकरा घरच्या चुली पेटत होत्या. गुणाबाईचं तोंड जन्मात पहिल्यांदा मिटलं.

शेजारची पारू म्हणाली, "बोल की गं. विचारू का, काय येत नाही ते?"

गुरुवारी मोठे साहेब अकराला येणार होते, ते आले दीडला. रस्ता कुशीवर घोरत होता.

"उठवा त्याला."

"नको साहेब," नेवरेकर म्हणाले. "काल उठवला तर चिडून दोन वळणं जास्त घेतली त्यानं."

गुणाबाई वाडीच्या टोकाला, रस्त्याच्या पायथ्याशी मटकन बसली आणि तिनं कपाळावर हात मारला. बाज विणली की पायथ्याची दोरी ओढून घट्ट करायची असते. शहाणीची तीच राहिली होती! सैल बाजेवर माणूस पाय पोटाशी घेऊन झोपतो, रस्त्याचं काय वेगळं?

"ओढा गं बायांनो!"

बायांनी पदर खोचले आणि दोरी ओढली. रस्ता हळूहळू उताणा झाला, सरळ पसरला. डंपर वरनं गेला. रस्ता झोपेतच "हं" म्हणाला, बस्स.

मोठ्या साहेबांनी शेरा मारला: रस्ता मजबूत. झोपू द्यावा.

शेड वाचली. गुणाबाईचे तळहात सोलवटले होते. ती तिथंच कडेला टेकली. "सरक रे जरा," म्हणाली.

तो सरकला. तेव्हापासून तिची दुपार तिथंच.

कोण ही गुणाबाई ते विचारू नकोस. एक वाजत आला. माझी उशी दे इकडं आणि चालू लाग आता. चपला हातात घे.